पडद्यावरील घनाकृति आणि विद्यार्थ्याचा तर्क

भूमिति शिकतांना पुष्कळांस एक अडचण पडते. घनाकृतीस लांबी, रुंदी व उंची असते. पुस्तकाचें पान मात्र सपाट. पानावर काढलेल्या घनाच्या सहा पृष्ठांपैकीं तीनच डोळ्यांस दिसतात. उरलेलीं तीन मनानें पाहावीं लागतात. संगणकाच्या पडद्यावर हीच आकृति बोटानें फिरवितां येते. मार्कुस होहेनवार्टर यांनीं २००१ सालीं ऑस्ट्रियांतील साल्झबुर्ग येथें आरंभिलेल्या ‘जिओजेब्रा’ ह्या साधनांत २०१४ पासून घनाकृतींचीही सोय झाली आहे.

परंतु आकृति फिरविली म्हणजे ज्ञान झालें, असें नव्हे. नुसता पाहणारा व शिकणारा ह्यांत भेद हा, कीं शिकणारा आधीं तर्क करितो व मग पडताळा घेतो. पडद्यावरील पाठाची रचना ह्याच क्रमानें व्हावी.

एक उदाहरण घेऊं. सहा समान चौरस कडेस कड जुळवून मांडण्याचे एकंदर ३५ प्रकार आहेत. फिरवून वा उलटून जुळणारे प्रकार एकच धरावयाचे. त्यांपैकीं केवळ ११ दुमडून घन बनतो. पाठांत प्रथम एक आकृति दाखवून ‘हिचा घन होईल काय?’ असें विचारावें. उत्तर निवडल्यावांचून दुमडण्याची कळ चालूं नये. उत्तर चुकल्यास ‘चूक’ एवढाच शब्द उमटवूं नये. आकृति सावकाश दुमडून कारण दाखवावें. सहाही चौरस एका ओळींत असल्यास पांचवा पहिल्यावर व सहावा दुसऱ्यावर बसतो, आणि दोन बाजू उघड्या राहतात. हें डोळ्यांनीं पाहिलेला विद्यार्थी पुढील तर्क अधिक विचारानें करितो.

नियमही आयता सांगूं नये. घनास ८ शिरोबिंदू, १२ कडा व ६ पृष्ठें. चौरस पायाच्या सूचीस ५ शिरोबिंदू, ८ कडा व ५ पृष्ठें. असे आंकडे विद्यार्थ्यानेंच मोजून कोष्टकांत भरावे. शिरोबिंदू व पृष्ठें ह्यांच्या बेरजेंतून कडा वजा करितां दोन्हीं वेळां २ उरतात, हें त्याच्याच ध्यानांत येऊं द्यावें. अठराव्या शतकांत ऑयलर ह्या गणितज्ञानें हाच नियम मांडिला.

पालकांस एक विनंती. मूल पडद्यापुढें बसलें असतां जवळ जाड कागद व कात्री असूं द्यावी. पडद्यावर पाहिलेलें हातानें दुमडून पाहिलें म्हणजे तें पक्कें होतें. ज्या घरीं संगणक नाहीं, तेथें कागदानेंही हा अभ्यास होतो.

ते ११ प्रकार कोणते, हें येथें मुद्दाम सांगितलेलें नाहीं. विद्यार्थिमित्रहो, ते तुम्हींच शोधा!