विश्लेषण : चित्र येत नाही? मग कात्री आणि खळ घ्या… कोलाजचा छंद इतका मोकळा का वाटतो?

‘मला चित्र काढता येत नाही’ हे वाक्य अनेकांनी शाळेतच पाठ केलेले असते. मोर मोरासारखा दिसला नाही, वहीवर लाल शेरा आला आणि पेन्सिल कायमची खाली ठेवली गेली. अशांसाठी एक कला मात्र कायम खुली आहे. तिला रेषेवर हुकमत लागत नाही, महागडे रंग लागत नाहीत. घरातली रद्दी, कात्री आणि थोडी खळ एवढ्यावर काम भागते.

कोलाज म्हणजे नेमके काय?

‘कोले’ म्हणजे चिकटवणे, या फ्रेंच क्रियापदावरून कोलाज हा शब्द आला. वेगवेगळ्या ठिकाणचे कागद, छायाचित्रे, कापड, तिकिटे, वेष्टने कापून किंवा फाडून एका पृष्ठभागावर चिकटवायची आणि त्यातून नवे चित्र उभे करायचे, इतकी साधी ही पद्धत. शाळेतले ‘कातरकाम-चिकटकाम’ हे तिचेच रूप. चिकटवहीशी तिचे नाते जवळचे असले तरी एक फरक आहे. चिकटवहीत कात्रण जपून ठेवले जाते, तर कोलाजमध्ये त्याचा अर्थ बदलतो. जाहिरातीतला निळा शालू इथे समुद्र होऊ शकतो आणि पापडाच्या वेष्टनावरचा गोल चंद्र.

या कलेला मान कधी मिळाला?

कागद कापून चिकटवण्याचा खेळ जुनाच, पण आधुनिक कलेत त्याला स्थान मिळाले ते १९१२ मध्ये. पाब्लो पिकासो यांनी एका चित्रात वेताच्या खुर्चीची विणकाम-नक्षी हाताने रंगवली नाही. तशी नक्षी छापलेले मेणकापड थेट कॅनव्हासवर चिकटवले आणि चित्राच्या कडेने दोर लावला. त्याच वर्षी जॉर्ज ब्राक यांनी लाकडासारखा दिसणारा भिंतीचा कागद चित्रात वापरला. पुढे जर्मनीत हाना ह्योख यांनी नियतकालिकांतली छायाचित्रे कापून राजकारणाची खिल्ली उडवली, तर कुर्ट श्विटर्स यांनी ट्रामची तिकिटे आणि रस्त्यावरचा कचरा चित्रांत आणला.

उतारवयात किंवा आजारपणात हा छंद जमतो का?

कोलाजच्या इतिहासातील सर्वात बोलकी उदाहरणे याच प्रश्नाचे उत्तर देतात. इंग्लंडमधील मेरी डिलेनी यांनी १७७२ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, रंगीत कागदाचे बारीक तुकडे चिकटवून फुलांची चित्रे करायला सुरुवात केली. पुढच्या सुमारे १० वर्षांत त्यांनी जवळपास १ हजार फुले केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आँरी मातिस यांच्यावर १९४१ मध्ये पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली. उभे राहून रंगवणे अवघड झाल्यावर त्यांनी रंगवलेले कागद कात्रीने कापून चित्रे रचली. त्यातूनच १९४७ चे ‘जॅझ’ हे गाजलेले पुस्तक तयार झाले. आपल्याकडे शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी पन्नाशीनंतर पूर्ण गेली, तरी स्पर्शाच्या आधारे ते कागदाचे आकार कापून चिकटवत राहिले. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा लघुपट केला.

दडपण का येत नाही?

कोऱ्या कागदावर पहिली रेघ ओढण्याचीच भीती अनेकांना वाटते. कोलाजमध्ये आकार आणि रंग आधीच तयार असतात, आपल्याला फक्त निवड करायची असते. शिवाय चिकटवण्याआधी तुकडे हवे तितक्या वेळा सरकवता येतात, म्हणजे चूक खोडण्याची गरजच उरत नाही. ‘हुबेहूब’ ही कसोटीही इथे लागू होत नाही. हाताने फाडलेल्या कागदाची वेडीवाकडी कड अनेकदा कात्रीच्या सरळ कडेपेक्षा अधिक खुलते.

ताण खरोखर कमी होतो का?

अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ३९ प्रौढांना माती, रंगीत पेन आणि कोलाजचे साहित्य देऊन ४५ मिनिटे मनासारखे काही करू दिले. त्यानंतर सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या तणावाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण घटलेले आढळले. त्यांना कलेचा पूर्वानुभव असणे-नसणे फारसे महत्त्वाचे ठरले नाही. हा अभ्यास लहान होता, त्यामुळे कोलाजला औषध समजू नये. मात्र पाऊण तास हात गुंतलेले असले की फोन आपसूक बाजूला राहतो, हा फायदा कोणालाही अनुभवता येतो.

सुरुवात कशी करावी?

रद्दीवाल्याला देण्याआधी जुने दिवाळी अंक, लग्नपत्रिका, कॅलेंडरची पाने, मिठाईचे खोके, एसटीची तिकिटे बाजूला काढावीत. आधी ‘विषय’ ठरवण्याची गरज नाही. डोळ्यांना आवडेल ते १५ मिनिटे नुसते कापत राहावे. मग पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्यावा. जागा लहान असली की काम पूर्ण होते. एखादी सोपी अट खेळात मजा आणते, जसे की फक्त दोन रंग वापरायचे किंवा फक्त पाचच तुकडे. तुकडे मांडून झाले की फोनवर फोटो काढून ठेवावा आणि मगच चिकटवायला घ्यावे.

कोणती काळजी घ्यावी?

पातळ डिंकाने कागद ओला होऊन सुरकुततो. ग्लू स्टिक किंवा मैद्याची घट्ट खळ पातळ थरात लावावी आणि सुकेपर्यंत वर जड पुस्तक ठेवावे. वृत्तपत्राचा कागद लाकडातील लिग्निनमुळे काही काळाने पिवळा पडतो. टिकाऊ कामासाठी मासिकांचा गुळगुळीत किंवा हाताने रंगवलेला कागद बरा. आजी-आजोबांचे मूळ छायाचित्र कधीही कापू नये, त्याची प्रत काढून वापरावी. घरात ठेवण्यापुरते कोलाज हा आपला खेळ आहे, पण ते विकायचे असल्यास कात्रणांच्या स्वामित्व हक्काचा प्रश्न येतो. भारतात छायाचित्रावरील हा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो.

फोनवरचे कोलाज चालेल का?

फोटो चौकटीत बसवून देणारी ॲप्स सोयीची आहेत, पण तिथे मांडणी बहुतांशी ॲपच ठरवते. कागदाच्या कोलाजमध्ये ती आपल्या हातात असते. जमलेले कोलाज भिंतीवर लावावे, न जमलेले पुन्हा कापून पुढच्या चित्रात वापरावे. या छंदात वाया काहीच जात नाही.