किती वेळा?

सकाळी ७.४०

खोली उघडली की आधी स्कोपची, म्हणजे आतड्यात घालायच्या दुर्बिणीची, गळती-तपासणी, मग आजची यादी. नऊ नावं. त्यातली चार ‘यूसी’ची, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिसची. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, गुदाशयापासून सुरू होते आणि सलग वर चढत जाते. आमच्या सांगलीकडे पेशंट त्याला आधी मूळव्याध म्हणतो, मग ‘आव पडते’ म्हणतो आणि बऱ्याच दिवसांनी इथे पोचतो. काही वर्षांपूर्वी सरांनी एक जाड वही माझ्या हातात दिली : यांना प्रश्न तुम्ही विचारायचे, सिस्टर. डॉक्टरसमोर माणूस पोट आत ओढून बसतो, हे त्यांनाही ठाऊक आहे.

८.३०

तासगावकडचे काका, द्राक्षबागायतदार.

“कसं आहे काका?”

“झकास हाय बगा. काय न्हाई आता.”

दिवसातून किती वेळा? दोनदा. रक्त? न्हाई. आजारी पडायच्या आधी किती वेळा जायचात? एकदा.

हा शेवटचा प्रश्न बरेच जण गाळतात आणि तिथेच हिशेब बिघडतो. मेयो स्कोअरमध्ये, म्हणजे आजार मोजायच्या आमच्या गुणपद्धतीत, नुसत्या आकड्याला किंमत नाही, नेहमीपेक्षा किती जास्त याला आहे. एक-दोनने जास्त तर १ गुण, तीन-चारने जास्त तर २, पाच किंवा त्याहून जास्त तर ३. एखाद्याची जन्माची सवयच तीनदा जायची असेल तर त्याच्या तीनला शून्य. काकांना १ आणि रक्ताला ०. वहीपुरता आजार शांत.

सिग्मॉइडोस्कोपी बिनभुलीची. काका कुशीवर, डोळे पडद्यावर. निरोगी अस्तराखाली बारीक रक्तवाहिन्यांची जाळी दिसते, पुस्तकात ठेवून वाळवलेल्या पिंपळपानासारखी. काकांची जाळी पार पुसली गेली होती. अस्तर लालबुंद, जागोजागी खरवडल्यासारखं. स्कोपचं टोक जरा घासलं की रक्ताचे थेंब उभे राहत होते, दुखऱ्या हिरडीला ब्रश लागल्यावर येतात तसे. पंचवीस सेंटिमीटरपर्यंत हे असं आणि त्यापुढे एकदम स्वच्छ गुलाबी.

“मेयो २,” सरांनी स्कोपचा गुण सांगितला.

“ते माजं हाय व्हय?” काकांनी पडद्याकडे बोट केलं.

गोळ्या त्यांनी श्रावणात सोडल्या होत्या. बरं वाटत हुतं की, मग कशाला?

१०.१५

खिडकीशी एक मुलगा कॅलप्रोटेक्टिनसाठी शौचाचा नमुना घेऊन उभा. जॅमच्या बाटलीत, गळ्यापर्यंत भरून. लागतं चिमूटभर. डबी आम्हीच दिली होती, ती त्याला लहान वाटली म्हणे.

कॅलप्रोटेक्टिन हे पांढऱ्या पेशींतलं एक प्रथिन. आतडं सुजलं की त्या पेशी तिथे गर्दी करतात आणि प्रथिन शौचात उतरतं. पेशंटला त्रास नाही आणि आकडा १५० च्या खाली असेल तर सर सहसा स्कोप टाळतात. २५० च्या पुढे गेला की त्यांची भुवई वर जाते. मधल्यांना पुन्हा बोलवायचं. डोकेदुखी-गुडघेदुखीच्या गोळ्यांनीही आकडा चढतो, म्हणून तेही विचारून ठेवते.

१२.०५

पॅथॉलॉजीचा फोन. गेल्या आठवड्यातल्या शिक्षिका : त्रास शून्य, स्कोपमध्ये मेयो ०, पण बायॉप्सीत सूज अजून जिवंत आहे. सरांनी औषध वाढवलं नाही. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींतही स्कोपमध्ये अस्तर भरून येणं हे ध्येय धरलंय, सूक्ष्मदर्शकाखालची शांतता अजून सक्तीची नाही. मात्र बाईंची पुढची तारीख अलीकडे ओढली.

१.३०

डबा. भाकरी, मेथी. आमच्या टेबलावर हेच विषय चालतात. नव्या पोरी पहिला आठवडा नीट जेवत नाहीत.

२.१५

वॉर्ड. एकोणीस वर्षांची मुलगी, शिरेतून स्टिरॉइडचा तिसरा दिवस. ती आली तेव्हा ट्रूलव्ह आणि विट्स यांचे निकष लावायला बोटंसुद्धा लागली नाहीत. ऑक्सफर्डच्या या दोघांनी १९५५ मध्ये आखलेली ती रेघ अजून चालते : दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि जोडीला नाडी ९० च्या वर, ताप ३७.८ च्या वर, हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली किंवा ईएसआर ३० च्या वर, यातलं एक जरी असलं तरी आजार तीव्र. हिची नाडी ११२ होती.

आई औषधाच्या खोक्याच्या पाठीवर नोंद ठेवत होती. कालच्या तारखेसमोर सहा रेघा. त्याआधी नऊ होत्या. म्हणजे उतार.

“रात्री उठली का, ताई?”

“तीनदा उठली. पहाटे परत दोनदा.”

“ते यात आहे?”

“न्हाई. तेव्हा शी झालीच न्हाई हो, नुसतं रक्त आणि आव.”

सहा आणि पाच, अकरा. उतार नव्हताच. नुसतं रक्त पडलं तरी ती खेप धरायची असते. मी फोन लावला. सर आले, रक्तातून सूज दाखवणारा सीआरपी पाहिला : ५२. तिसऱ्या दिवशी आठाहून जास्त खेपा किंवा तीन ते आठ खेपा आणि सीआरपी ४५ च्या वर, अशा पेशंटांपैकी ८५ टक्क्यांना आतडं काढावं लागलं होतं, हे ऑक्सफर्डचंच १९९६ चं निरीक्षण. तेव्हा इन्फ्लिक्सिमॅब हे औषध हाताशी नव्हतं, आता आहे. आतडं फुगलंय का हे बघायला पोटाचा एक्स-रे, विषाणूसाठी बायॉप्सी, सर्जनच्या कानावर घालणं आणि दुसऱ्या औषधाची तयारी, सगळं अर्ध्या तासात ठरलं.

“मी मोजायला चुकले का?” आईनं विचारलं.

चूक माझी होती. ‘किती वेळा शी झाली ते लिहा’ असं मीच सांगितलं होतं.

५.००

ओपीडी. एसटीचे कंडक्टर, पंढरपूरची फेरी. तीनदा, म्हणाले. पूर्वी? दोनदा. म्हणजे १ गुण. वही पुढे सरकवणार, तेवढ्यात सहज विचारलं, सुट्टीच्या दिवशी?

“आठ-नऊ.”

ड्यूटीला ते पहाटेपासून काही खात नाहीत, चहासुद्धा नाही. गाडी भरलेली असताना घाई लागली तर काय करायचं? कवठेमहांकाळ, सांगोला, कुठल्या स्टँडवरचा संडास कसा आहे हे त्यांना तोंडपाठ. या घाईला मेयो स्कोअरमध्ये रकानाच नाही. माणसाचं जगणं मुख्यतः तीच ठरवते, आणि ती मोजायची नाही हे मला आजवर पटलेलं नाही. समासात लिहिलं : उपाशी राहून ३.

सरांनी त्यांची सिग्मॉइडोस्कोपी उद्याच्या यादीत घातली.

६.५०

निघताना वॉर्डात डोकावले. इन्फ्लिक्सिमॅब सुरू झालं होतं, मुलगी झोपली होती. आईला कोरा कागद दिला, मधोमध उभी रेघ मारून. डावीकडे शी, उजवीकडे नुसतं रक्त किंवा आव, दिवस-रात्र सगळं.

“आणि दोन्ही एकदम आलं तर?”

मी आणखी एक रेघ मारली.