कॅरिबियनमधलं फील्डवर्क : सिलिंडरचं गणित आणि साठ ट्रान्सेक्टचं स्वप्न

‘फील्डवर्क कुठे?’ ‘बेलिझमध्ये, प्रवाळांवर.’ एवढं सांगितलं की समोरचा म्हणतो, ‘मजा आहे बुवा!’ मजा असते, नाही म्हणत नाही. पण रिसर्च प्रपोजलमध्ये आपण जो आकडा लिहितो, तो पाण्याखाली पूर्ण होणार आहे का, याचा हिशेब बहुतेक जण मांडतच नाहीत. मीही मांडला नव्हता. म्हणून ही पोस्ट.

उदाहरण घेऊ ग्लोव्हर्स रीफचं. बेलिझच्या किनाऱ्यापासून साधारण ४५ किलोमीटरवर समुद्रात असलेलं हे अ‍ॅटॉल, म्हणजे प्रवाळांचं लांबट कडं. लांबी ३२ किलोमीटर, रुंदी १२. आत शांत खाजण, त्यात सातशेहून जास्त सुटे प्रवाळखडक, आणि बाहेरच्या बाजूला तळ सरळ खोल समुद्रात उतरलेला. १९९६ साली बेलिझच्या प्रवाळभिंतीला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात हेही आहे. इथल्या एका छोट्या बेटावर वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन सोसायटीचं संशोधन केंद्र आहे.

आता हिशेब. तिकडे सर्रास वापरतात तो अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर सुमारे ११ लिटरचा, भरलेला असताना दाब २०० बार. म्हणजे २२०० लिटर हवा. ५० बार राखीव ठेवायचेच, म्हणजे वापरायला उरली १६५० लिटर. काम करणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेतो असं धरू. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट, म्हणून खर्च ४० लिटर. १६५० भागिले ४०, झाली ४१ मिनिटं. २० मीटरवर दाब तिप्पट, तिथे जेमतेम २७. थंडी, प्रवाह किंवा घाबरणं यांपैकी काहीही आलं की २० लिटरचे ३० व्हायला वेळ लागत नाही.

१० मीटरवरच राहू. ४१ मिनिटांतून खाली जाणं, जागा शोधणं, सावकाश वर येणं आणि ५ मीटरवरचा ३ मिनिटांचा थांबा वजा करा. कामाला उरली अर्धा तास. १० मीटर लांबीचा टेप अंथरायचा, दर १० सेंटिमीटरला खाली काय आहे (जिवंत प्रवाळ, शेवाळ, वाळू) ते पाटीवर लिहायचं : शंभर नोंदी. सरावाच्या माणसालाही यात पंधरा मिनिटं जातात असं धरा. म्हणजे एका डाइव्हमध्ये दोन ट्रान्सेक्ट. दिवसाला दोन डाइव्ह, चार ट्रान्सेक्ट.

बेटावर दहा दिवस आहेत. पहिला दिवस सामान आणि सरावाच्या डाइव्हचा. शेवटचा दिवस कोरडा, कारण बरेच दिवस सलग डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबावं लागतं. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ हवा. दोन दिवस वाऱ्याचे धरा (हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की बोटच निघत नाही). उरले सहा. सहा चोक चोवीस.

माझ्या प्रपोजलमध्ये साठ लिहिले होते. माझ्या पहिल्या वेळापत्रकात रोज चार डाइव्ह होत्या. सरांनी त्यावर लाल पेनाने एकच प्रश्न लिहिला : ‘रीकम्प्रेशन चेंबर कुठे आहे?’ नकाशा काढून बघितलं. बेलिझमधला चेंबर सान पेद्रोला, म्हणजे अ‍ॅम्बरग्रिस की बेटावर, ग्लोव्हर्सपासून शंभर किलोमीटरहून जास्त लांब. मधे उघडा समुद्र. सांध्यात दुखायला लागलं, हात बधिर झाला, तर तिथवर पोचायला बोट, विमान आणि चांगलं हवामान तिन्ही लागणार. लांबच्या प्रवाळावर मर्यादेच्या काठावर डाइव्ह करायची नाही, ती यासाठी. डाइव्हिंगचा वेगळा विमा आणि बेटावर ऑक्सिजन या गोष्टींवर काटकसर करू नका.

मग साठचं काय करायचं? इथे स्नॉर्केलिंग कामाला येतं, आणि आपण त्याला उगाच कमी लेखतो. खाजणातल्या उथळ खडकांवर दोन-तीन मीटर पाण्यात हवेची मर्यादाच नाही. दोन तास तरंगत वरून फोटो क्वाड्रॅट घेता येतात. पण बाहेरच्या उताराचा प्रश्न विचारायचा आणि आकडे खाजणातले द्यायचे, हे चालत नाही. दोन्हीकडचे प्रवाळ वेगळे, लाटांचा मारा वेगळा. पद्धत बदलली की प्रश्नही थोडा बदलावा लागतो, तो प्रपोजलमध्येच बदला, थीसिस लिहिताना नाही. अजून एक : स्कूबा झाल्यावर त्याच दिवशी श्वास रोखून पुन्हा पुन्हा बुड्या मारणं टाळायचं. स्नॉर्केलच्या कामात बुड्या असतील तर ते सकाळी आधी उरका किंवा वेगळ्या दिवशी ठेवा.

तारखा ठरवताना : चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. साधारण मार्च ते मे बरा. संशोधनाची परवानगी तिथल्या मत्स्य खात्याकडून, आणि तो अर्ज तिकिटाच्या आधी. कठीण प्रवाळ साइट्सच्या यादीत आहेत, त्यामुळे मेलेला तुकडासुद्धा परवान्याशिवाय देशाबाहेर आणता येत नाही. अमेरिकेत विमान बदलणार असाल तर भारतीय पासपोर्टवर तिथलाही व्हिसा लागतो. नुसतं विमानतळावर थांबायचं असलं तरी.

आणि क्वाड्रॅट. पीव्हीसीच्या पाइपची चौकट करून, सांधे छान चिकटवून मी मालवणला सरावाला गेले होते. खाली ठेवली की वर, खाली ठेवली की वर. आत हवा कोंडलेली! प्रत्येक बाजूला दोन-दोन भोकं पाडा, म्हणजे पाणी आत शिरतं आणि चौकट गुपचूप तळाशी बसते. हे निघण्याआधी घरीच करा. ड्रिल बेटावर असेलच असं नाही.