एका गोळीत दोन औषधे

गेल्या रमजानमध्ये असरनंतर अम्मीचे हात थरथरू लागले, अंगाला दरदरून घाम सुटला. मीटरवर साखर ५४. इफ्तारला तासभर उरला होता आणि अम्मी पाण्याला तोंड लावायला तयार नव्हती. अब्बांनी दटावले, तेव्हा कुठे ती ग्लुकोजचे पाणी प्यायली.

त्या रात्री मी तिच्या गोळ्यांची पट्टी उलटून पाहिली. वर्गात रोज 'प्रश्न नीट वाचा' म्हणणाऱ्या मला अम्मीच्या एका गोळीत दोन औषधे आहेत हे सहा वर्षांत ठाऊक नव्हते! मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड.

मेटफॉर्मिन यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते. एकटे असताना ते साखर सहसा धोकादायक खाली नेत नाही. ग्लिमेपिराइडचे तसे नाही. पोटात अन्न असो वा नसो, ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. सेहरीला घेतलेली गोळी दिवसभर काम करत राहते. पण ही जोडी स्वस्त आणि गुणकारी, म्हणून घरोघरी आढळते.

मेटफॉर्मिनबरोबर सिटाग्लिप्टिन किंवा विल्डाग्लिप्टिन, ही दुसरी जोडी. ही औषधे मुख्यतः साखर वाढलेली असतानाच जोर धरतात. अमेरिकेतील 'ग्रेड' अभ्यासात मेटफॉर्मिन घेणाऱ्या ५,०४७ रुग्णांना चारपैकी एक जोड-औषध देऊन सरासरी पाच वर्षे पाहिले गेले. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. साखर गंभीररीत्या घसरलेले रुग्ण ग्लिमेपिराइडच्या गटात २.२ टक्के होते, सिटाग्लिप्टिनच्या गटात ०.७ टक्के. मात्र तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात ठेवण्यात सिटाग्लिप्टिनच सर्वांत मागे पडले. ग्लार्जिन इन्सुलिन आणि लिराग्लुटाइड ही इंजेक्शने पुढे राहिली. म्हणजे सुरक्षित गोळी हीच सर्वांत प्रभावी, असेही नाही.

तिसरी जोडी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनची. ती या अभ्यासात नव्हती. ही औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत असेल तर मोठा आधार. पण साखरेबरोबर पाणीही जाते. उन्हाळ्याच्या रोज्यात वृद्धांना ते जड जाऊ शकते, शिवाय नाजूक जागी बुरशीचा संसर्ग होतो. बायका हे लाजेने सांगत नाहीत.

बोट टोचून साखर पाहिल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, हा डॉक्टरांचा सल्ला आहे. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बदलू नये.

यंदा रजबमध्येच आम्ही अम्मीचा मूत्रपिंडाचा रिपोर्ट आणि रिकामी पट्टी घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड थांबवून सिटाग्लिप्टिनची जोडी दिली. २०२२ मध्ये पेटंट संपल्यापासून तिचा दरही उतरला आहे. "रोजे ठेवता हे आधी का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारले. अम्मी म्हणाली, "तुम्ही विचारलंच नाही."