पन्नाशीकडे जाताना : जालना जिल्ह्यातल्या कॅथलिक आठवड्याचा मागोवा

१७ डिसेंबर २०२७ रोजी औरंगाबाद धर्मप्रांताला पन्नास वर्षं पूर्ण होतील. जालना जिल्ह्यातले कॅथलिक याच धर्मप्रांतात मोडतात. अमरावती धर्मप्रांतातून वेगळा होऊन १९७७ साली तो स्थापन झाला आणि डॉमिनिक आब्रेओ त्याचे पहिले बिशप झाले. त्या वेळी जालना हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. म्हणजे इथली धर्मप्रांताची चौकट जिल्ह्याच्या चौकटीपेक्षा सुमारे साडेतीन वर्षांनी मोठी आहे.

सुवर्णमहोत्सव जवळ आला की स्मरणिका निघते. तिच्यात किती चर्च बांधली, किती शाळा काढल्या, कोण कधी बदलून आलं याची यादी असते. ती हवीच. पण ज्या जिल्ह्यात ख्रिस्ती माणसं लोकसंख्येच्या एक टक्काही नाहीत, तिथं एका धर्मग्रामाची, म्हणजे पॅरिशची, खरी कमाई इमारतीत मोजता येत नाही. ती आठवड्यात मोजावी लागते. या रविवारी मिस्सा झाली, पुढच्या रविवारी होणार आहे, आणि मधले सहा दिवस कुणीतरी कुणाच्या तरी घरी जाऊन प्रार्थना केली. हा क्रम कसा टिकला आणि कुणी टिकवला, हे पाहण्यासाठी हा मागोवा.

मुळं पन्नास वर्षांच्या बरीच मागं जातात. इंग्रज आणि मराठ्यांमधली असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची, आणि असई आज जालना जिल्ह्यात आहे. त्या लढाईनंतरच्या काळात जालन्याला इंग्रजी फौजेची मोठी छावणी वसली. शिपायांत कॅथलिकही होते आणि त्यांच्यासाठी धर्मगुरू येत. पण ती उपासना पलटणीची होती. पलटण हलली की तीही हलायची. विसाव्या शतकाच्या आरंभी छावणी उठली आणि तिच्याबरोबर ती उपासनाही बहुतेक निघून गेली. आजूबाजूच्या गावांशी त्या प्रार्थनेचं फारसं नातं जुळलेलं नव्हतं.

नातं जोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न जालन्यात झाला तो प्रॉटेस्टंट पंथात. नारायण शेषाद्री यांनी १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला.    हेच नारायणराव पुढं १८६० च्या दशकात जालन्याला आले. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. गावातून बाहेर पडलेल्या कुटुंबांना शेत, धंदा आणि शाळा मिळाली तरच त्यांची श्रद्धा पायावर उभी राहील, हे त्यांनी ओळखलं होतं. पंथ वेगळा असला तरी जालन्यातला कॅथलिक समाज या कामाचा ऋणी आहे. ख्रिस्ती माणूस म्हणजे परका साहेब, हा समज बेथेलनं पहिल्यांदा पुसला. दर वर्षी १८ ते २५ जानेवारीला ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनासप्ताह असतो. जालन्यात तो पाळताना बेथेलचं नाव कृतज्ञतेनं घ्यायला हवं.

कॅथलिकांचं गावातलं काम मराठवाड्यात सुरू झालं ते पश्चिमेकडच्या घोगरगाव परिसरातून. हा भाग ज्यात मोडत होता तो नागपूर धर्मप्रांत १८८७ साली झाला. त्याची जबाबदारी संत फ्रान्सिस द सेल्स संघाच्या धर्मगुरूंवर होती. त्यांच्यापैकी फादर गुरियन जाकिये यांचं नाव मराठवाड्यातल्या जुन्या कॅथलिक घरांत अजूनही आदरानं घेतलं जातं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळानं आणि साथींनी गावं पोखरून निघाली होती. तेव्हा गावकुसाबाहेरच्या माणसांच्या घरात जाऊन बसणारा, त्यांच्या हातचं पाणी पिणारा हा धर्मगुरू होता. मराठवाड्यातला कॅथलिक समाज प्रामुख्यानं याच वस्त्यांतून उभा राहिला. हे आजच्या पिढीनं विसरू नये आणि लपवूही नये.

मात्र फादर एक आणि गावं अनेक. बैलगाडीनं, घोड्यानं, पुढं सायकलीनं आणि मोटारसायकलीनं ते येत, मिस्सा करत आणि पुढच्या गावाला जात. मग उरलेले दिवस कुणाचे? ते मास्तरांचे. शाळा शिकवणारा, सायंकाळी प्रार्थना घेणारा, आजाऱ्याच्या उशाशी बसणारा, मयताला पुढं उभा राहणारा धर्मशिक्षक म्हणजे मास्तर. त्याचा पगार तुटपुंजा असे आणि बदली कुठंही होई. बहुतेकांचं नाव कुठल्याही पाटीवर कोरलेलं नाही. फादरांच्या दोन भेटींमधली पोकळी मास्तरांनी आणि त्यांच्या बायकांनी भरली नसती, तर धर्मग्राम हा शब्द कागदावरच राहिला असता.

दुसरा मोठा बदल भाषेचा. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेचा दस्तऐवज जाहीर केला आणि लॅटिन मिस्सा मराठीत येण्याची वाट मोकळी झाली. त्याआधी लोक मिस्साला हजर असत, गुडघे टेकत, आपली जपमाळ ओढत. वेदीवर जे चाललं होतं ते मात्र दुरून बघत. मराठी आल्यावर ते उत्तर देऊ लागले, वाचन करू लागले, पेटी-तबला आणि टाळांवर गाऊ लागले. ज्या मराठीत सतराव्या शतकाच्या आरंभी फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ रचलं, त्या मराठीला वेदीवर पोचायला साडेतीनशे वर्षं लागली. पुढं फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ आलं आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मराठवाड्याच्या भूमीवर एक कॅथलिक धर्मगुरू मराठीच्या वतीनं बोलत होता. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. आपल्या वाचनमंडळांनी त्यांचे ग्रंथ उघडत राहणं हीच त्यांना खरी आदरांजली.

आज धर्मग्रामाचा आठवडा साधारण असा जातो. रविवारी सकाळी मिस्सा, तिला जोडून मुलांचं धर्मशिक्षण आणि तरुणांची बैठक. मधल्या दिवशी फादर आणि सिस्टर घरभेटीला निघतात. सायंकाळी लहान ख्रिस्ती समूह एखाद्या घरी जमतो, बायबलचा उतारा वाचतो आणि कुणाचं काय अडलंय ते ऐकतो. पहिल्या शुक्रवारी येशूच्या पवित्र हृदयाची भक्ती आणि आजाऱ्यांना घरी ख्रिस्तप्रसाद. मे हा मरियेचा आणि ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. उपवासकाळात दर शुक्रवारी क्रुसाची वाट. जगभरच्या कॅथलिकांचाही हाच क्रम. जालन्यात त्यात एक भर आहे, आणि ती उसाची आहे.

दिवाळी सरली की जिल्ह्याच्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून कोयते घेऊन कुटुंबं साखर कारखान्यांच्या गाळपाला निघतात. भूमिहीन आणि कोरडवाहू घरांना दुसरा इलाज नसतो. त्यांत ख्रिस्ती घरंही असतात. हंगाम चार-पाच महिन्यांचा. आता पंचांग बघा. आगमनकाळ, नाताळ, राखेचा बुधवार, क्रुसाची वाट हे सगळं त्याच महिन्यांत येतं. चर्चच्या वर्षातला सर्वांत भरगच्च काळ आणि गावाचा सर्वांत रिकामा काळ एकच. गव्हाणी सजते तेव्हा ती बघायची मुलं उसाच्या फडावर असतात. त्यांची शाळाही बुडते आणि प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारीही.

म्हणून जालन्याच्या गावाकडच्या कॅथलिकांचा मोठा मेळा नाताळात नाही, पावसाळ्याच्या उत्तरार्धात भरतो. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावची मतमाउली यात्रा पवित्र मरियेच्या जन्मदिनाच्या, म्हणजे ८ सप्टेंबरच्या आगेमागे असते. फादर जेरार्ड बाडर या जेझुइट धर्मगुरूंनी ती १९४९ साली सुरू केली. गोदावरी ओलांडून मराठवाड्यातून लोक येतात आणि त्यांत सगळेच काही ख्रिस्ती नसतात. पेरणी उरकलेली असते, कोयता अजून भिंतीला टांगलेला असतो आणि कुटुंब एकत्र असतं. बाडर यांनी लावलेलं रोप इतकं फोफावलं, कारण माणसं घरी असतात त्या काळात ते लावलं गेलं.

याच धाग्यात जालन्याच्या पाण्याची कहाणी येते. फादर हर्मन बाखर हे स्विस जेझुइट. अवर्षणग्रस्त भागात काम करताना त्यांनी पाहिलं की गाव उठतं ते पाण्याअभावी. त्यांच्या पुढाकारातून भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. जालना तालुक्यातल्या कडवंचीत १९९६ पासून तो राबवला गेला. तिथली मेहनत गावकऱ्यांची आणि मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या कार्यकर्त्यांची. बांधबंदिस्ती झाली, ओढे अडले, शेततळी आली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या. २०१२ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, तेव्हा कडवंचीच्या बागा तगल्या. बाखर २०२१ साली वारले. त्यांनी कडवंचीत कुणाचा धर्म विचारला नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीची हाक आणि गरिबांची हाक एकत्र ऐकायला सांगितली. जालन्यानं ती आधीच ऐकली होती.

काही जखमा मात्र भरलेल्या नाहीत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडला. १९५६ मध्ये शीख दलितांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. त्यासाठी दर १० ऑगस्टला चर्च निषेधदिन पाळतं. गाव ज्याला जुन्या नजरेनंच बघतं, त्याला कायद्यानं मात्र वेगळं ठरवलं. धर्मग्रामाच्या तरुणांच्या सभेत नोकरीचा, शिष्यवृत्तीचा विषय निघाला की हा प्रश्न समोर येतोच. त्याला उत्तर देण्याआधी चर्चनं स्वतःच्या अंगणातली जातीची उतरंडही तपासली पाहिजे.

आणि मग २०२०. मार्चमध्ये कोविडच्या टाळेबंदीनं चर्चची दारं बंद झाली. १२ एप्रिलचा ईस्टर घराघरांत, मोबाइलच्या पडद्यावर झाला. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यातून मध्य प्रदेशातल्या आपल्या घरी पायी निघाले होते. परगावी राबणाऱ्याला परतीची वाट किती महाग पडते, हे ऊसतोड कामगारांच्या जिल्ह्याला वेगळं समजावून द्यावं लागलं नाही. प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबरला उघडली, पुन्हा मिटली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी कायमची उघडली. त्या दीड वर्षात धर्मग्राम कुणी धरून ठेवला? घरी कुटुंबाची प्रार्थना घेणाऱ्या आयांनी. मास्तरांचं काम पुन्हा एकदा प्रापंचिकांच्या हाती आलं आणि त्यांनी ते निभावलं.

ऑक्टोबर २०२१ मध्येच पोप फ्रान्सिस यांनी जगभर सिनडची, म्हणजे चर्चच्या सामुदायिक विचारविनिमयाची, प्रक्रिया सुरू केली. सर्वसामान्य श्रद्धावंतांचं ऐका, हा तिचा गाभा होता. २४ डिसेंबर २०२४ रोजी आशेचं महोत्सवी वर्ष उघडलं. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, २१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस गेले. ८ मे रोजी पोप लिओ चौदावे निवडले गेले आणि ६ जानेवारी २०२६ रोजी महोत्सवी वर्ष संपलं. आता पुढचा टप्पा आपला, धर्मप्रांताच्या पन्नाशीचा.

ती पन्नाशीही नेमकी गाळपाच्या ऐन हंगामात येते. १७ डिसेंबरला मंडप भरेल, पण ज्यांच्या वाडवडिलांनी हा धर्मप्रांत उभा केला त्यांतली कित्येक घरं फडावर असतील. म्हणून मला वाटतं, सोहळ्याची तयारी गावातून करावी. पहिलं काम मास्तरांची नावं गोळा करण्याचं. त्यांना पाहिलेली माणसं अजून हयात आहेत, तोवर दर लहान समूहानं आपल्या गावाचा इतिहास लिहून काढावा. दुसरं, हंगामात फादर, सिस्टर आणि तरुणांनी कारखान्यांच्या परिसरात जाऊन तिथल्या धर्मग्रामांच्या मदतीनं नाताळची मिस्सा ऊसतोड कामगारांच्या कोप्यांमध्ये करावी आणि मागं राहिलेल्या मुलांच्या शाळेची सोय बघावी. तिसरं, वर्षातला मुख्य मेळावा हरेगावच्या यात्रेच्या सुमारास, सगळे घरी असताना घ्यावा. डिसेंबरचा समारंभ त्याच्या जोडीला असू द्यावा.

यातलं काहीच नवं नाही. जाकिये लोकांच्या वस्तीत गेले, बाडर यांची यात्रा लोकांच्या सवडीच्या महिन्यात आली, बाखर यांनी लोक गावातच राहावेत म्हणून पाणी अडवलं. लोक जिथं आणि जेव्हा असतात, तिथं आणि तेव्हा आठवडा नेला तेव्हाच जालन्याचं चर्च वाढलं. पुढच्या पन्नास वर्षांचा आराखडा याच एका अनुभवावर बेतावा, आणि त्याची सुरुवात येत्या हंगामात फडावरच्या मिस्सानं करावी.