स्पष्टीकरण : ना-हरकत पत्राचा व्यवहार आणि निष्ठेचा वाद

चेन्नईच्या दक्षिणेस जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर सिरुसेरी येथे सिपकॉटचे माहिती तंत्रज्ञान संकुल आहे. तेथील अभियंत्याने एक कंपनी सोडून दुसरीत जाणे ही नित्याची बाब. राजीनामा द्यायचा, नोटीसचा काळ पूर्ण करायचा, कार्यमुक्तीचे पत्र घ्यायचे. त्याला कोणी कृतघ्न म्हणत नाही. याच शहरात, वेलाचेरी भागातील गुरु नानक महाविद्यालयाच्या मैदानावर, ऑगस्ट २०२५ मध्ये पृथ्वी शॉने छत्तीसगडविरुद्ध १११ धावा केल्या. बुची बाबू स्पर्धेतील हे शतक मुंबईकडून नव्हे, तर महाराष्ट्राकडून होते. त्याच्या संघबदलाच्या वादाला त्यामुळे पुन्हा तोंड फुटले.

पालघर जिल्ह्यातील विरारचा हा मुलगा मुंबईच्या क्रिकेटचा लाडका होता. २०१३ मध्ये हॅरिस शील्ड शालेय स्पर्धेत रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून त्याने ५४६ धावा केल्या. २०१८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला आणि त्याच वर्षी राजकोटला कसोटी पदार्पणात त्याने १३४ धावा काढल्या. मात्र ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईने त्याला रणजी संघातून वगळले. पुढील महिन्यात आयपीएलच्या लिलावात त्याच्यावर कोणी बोली लावली नाही, आणि डिसेंबरमध्ये विजय हजारे करंडकाच्या संघातही त्याचे नाव नव्हते. जून २०२५ मध्ये त्याने ना-हरकत प्रमाणपत्र मागितले, मुंबई क्रिकेट संघटनेने ते दिले आणि जुलैत तो महाराष्ट्राच्या संघात दाखल झाला.

चाहत्यांमध्ये यावरून सरळ दोन तट पडले. ज्या मैदानांनी घडवले त्यांच्याकडे पाठ फिरवली, असे एका गटाचे म्हणणे. ज्या संघाने दार लावून घेतले त्याच्याशी निष्ठा कसली, असा दुसऱ्याचा सवाल. दोन्ही बाजू निष्ठेबद्दलच बोलत होत्या. संघबदलाचा व्यवहार मात्र चालतो तो एका कागदावर.

महाराष्ट्राबाहेरील वाचकांचा येथे हमखास गोंधळ होतो. राज्य एक असले, तरी क्रिकेटमध्ये त्याच्या तीन संघटना आहेत : मुंबई, विदर्भ आणि पुण्याहून कारभार चालणारी महाराष्ट्र. त्यामुळे शॉने राज्य सोडले नाही, केवळ संघटना बदलली. अशा बदलासाठी मूळ संघटनेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि बाहेरून घेतल्या जाणाऱ्या ‘व्यावसायिक’ खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असते. शॉबरोबरच केरळकडून खेळणारा जलज सक्सेनाही महाराष्ट्राने याच मार्गाने घेतला.

सिरुसेरीच्या अभियंत्याच्या पत्रात आणि या प्रमाणपत्रात फरक आहे. अभियंत्याला पत्र मिळते ते तो गेल्यानंतर. खेळाडूला ते मिळाल्याशिवाय जाताच येत नाही. आणखी एक गोष्ट वादात फारशी पुढे येत नाही. फुटबॉलमध्ये खेळाडू मोबदला देऊन एका देशातून दुसऱ्या देशातील क्लबमध्ये गेला, तर त्या रकमेतील ५ टक्के हिस्सा त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांकडे जातो. आपल्याकडे संघटना बदलण्याच्या पद्धतीत अशी तरतूद नाही. शाळा, मैदानावरचा क्लब, पहाटे नेट लावणारा प्रशिक्षक यांच्या वाट्याला काहीच येत नाही. ‘आम्ही घडवले’ हे वाक्य एवढ्या तीव्रतेने उच्चारले जाते, त्यामागे हेही कारण असावे.

हा कागद परतही घेता येतो. यशस्वी जैस्वालने एप्रिल २०२५ मध्ये गोव्याकडून खेळण्यासाठी मुंबईकडे ना-हरकत मागितली आणि ती मंजूर झाली. गोव्यात नेतृत्वाची संधी असल्याचे त्याने सांगितले होते. गोव्यात आनंद, मुंबईत हळहळ, असे चित्र असतानाच मे महिन्यात त्याने अर्ज मागे घेतला आणि मुंबईने तेही मान्य केले. एक चेंडूही न खेळता वाद मिटला.

लाभ कोणाला, याचे उत्तर विदर्भाकडे आहे. मुंबईचा वसीम जाफर तेथे गेल्यानंतर विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असे सलग दोन रणजी करंडक जिंकले. दुसऱ्या हंगामात जाफरने हजाराहून अधिक धावा केल्या. कर्नाटकाचा करुण नायर २०२३ मध्ये विदर्भात आला, २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध त्याने ८६ आणि १३५ धावा केल्या आणि करंडक पुन्हा नागपूरला राहिला. त्यानंतर तो कर्नाटकात परतला.

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये हाच कागद टप्प्याटप्प्याने रद्द झाला. पूर्वी दुसऱ्या विद्यापीठाशी शिष्यवृत्तीबाबत बोलण्यासाठीही खेळाडूला आपल्या विद्यापीठाची परवानगी लागे आणि संघ बदलल्यास सामान्यतः एक हंगाम बाहेर बसावे लागे. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल आले आणि परवानगीची अट गेली. २०२१ मध्ये पहिल्या बदलासाठी बाहेर बसण्याची अट गेली. २०२४ पासून अभ्यासात पात्र असणारा खेळाडू कितीही वेळा संघ बदलू शकतो. जुलै २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात. नामांकित सेंटर हंटर डिकिन्सन २०२३ मध्ये मिशिगन सोडून कॅन्ससला गेला, तेव्हा मिशिगनचे चाहते संतापले. थोडा अधिक पगार मिळाला तर टीकाकारही आपली नोकरी सोडतील, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. पुढील दोन्ही हंगामांत कॅन्ससला सुरुवातीच्या क्रमवारीत पहिले स्थान मिळाले. राष्ट्रीय स्पर्धेत मात्र संघ एकदा दुसऱ्या आणि एकदा पहिल्याच फेरीत बाद झाला.

शॉची मुंबईशी गाठ ऑक्टोबर २०२५ मध्ये गहुंजेच्या सराव सामन्यात पडली. त्याने १८१ धावा केल्या आणि बाद होताना जुन्या सहकाऱ्यांशी त्याची बाचाबाचीही झाली. महाराष्ट्राकडून रणजीतील पहिल्या डावात तो शून्यावर बाद झाला. त्याच महिन्यात चंडीगडविरुद्ध त्याने १५६ चेंडूंत २२२ धावा केल्या.