हनुवटींतील इम्प्लांट काढावयाचें झाल्यास शस्त्रवैद्य कसा निवडावा?

दागिना घडवितांना सोनार जितका पारखून घ्यावा लागतो, त्याहून अधिक तो मोडतांना घ्यावा लागतो, हें आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांस चांगलें ठाऊक असतें. घडणावळ डोळ्यांपुढें असते. मोडींत काय गेलें तें मागाहून कळतें. शरीराविषयींही हीच गोष्ट खरी आहे. चेहऱ्याची ठेवण बदलून घेण्याची शस्त्रक्रिया आतां मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाहीं. पनवेलसारख्या गांवांतील सुशिक्षित घरांतूनही तिची चर्चा निघते. परंतु जें बसविलें तें काढण्याचा प्रसंग आला म्हणजे काय करावें, कोणाकडे जावें, ह्याचा विचार फारसा कोणी केलेला नसतो. त्यांतून हा विषय घरांत उघड बोलावयाचा नव्हे अशी समजूत असल्यामुळें निर्णय घाईनें आणि एकट्यानें घेतला जातो. म्हणून ह्या अंकीं त्याचा थोडा विस्तारानें विचार करावा असें आम्हांस वाटलें.

हनुवटी आंत गेलेली असणें हा कांहीं रोग नव्हे. तथापि ती पुढें दिसावी म्हणून खालच्या जबड्याच्या हाडावर एक तुकडा बसवितात. त्यास इम्प्लांट म्हणतात. तो बहुधा घट्ट सिलिकोनाचा असतो. कांहीं वेळां सच्छिद्र पॉलिएथिलीनचा असतो. हा फरक वरवर क्षुल्लक वाटला तरी काढण्याच्या वेळीं तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो. सिलिकोनाचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि शरीर त्याच्याभोंवतीं एक पातळ पिशवी तयार करतें. ती उघडली कीं तुकडा बहुधा सहज बाहेर येतो. पॉलिएथिलीनच्या छिद्रांत मात्र शरीरांतील तंतु शिरून रुजतात. तें काढणें म्हणजे भिंतींत मूळ धरलेला पिंपळ उपटण्यासारखें आहे. पुष्कळदां तें तुकड्यातुकड्यांनीं काढावें लागतें. म्हणून आपल्या हनुवटींत नेमकें काय आहे, हें कळल्यावांचून कोणत्याही शस्त्रवैद्यानें दिलेला अंदाज अपुराच समजावा.

काढण्याचीं कारणें अनेक असतात. कधीं जंतुसंसर्ग होऊन सूज व पू येतो. कधीं तुकडा एका बाजूस सरकतो. कधीं त्याच्या दाबानें ओठाला बधिरपणा येतो. कधीं तो दिसावयास बोजड वाटतो. आणि कधीं, सर्व ठीक असूनही, आरशांतील चेहरा आपला वाटत नाहीं. त्याखेरीज आणखी एक गोष्ट आहे. इम्प्लांटखालचें हाड दाबामुळें झिजूं शकतें, हें १९६९ सालींच वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलें गेलेलें आहे. ही झीज बहुधा थोडी असते व रुग्णास जाणवतही नाहीं. परंतु ती दांतांच्या मुळांपर्यंत पोंचली तर दुर्लक्ष करतां येत नाहीं. ताप, लाली, ठणका किंवा पू दिसूं लागल्यास मात्र चार जणांचे सल्ले घेत बसूं नये. त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. अन्य सर्व कारणांसाठीं वेळ हाताशीं असतो, आणि तो निवडीसाठीं खर्च करावा.

आतां कोणी म्हणेल कीं, बसविण्यापेक्षां काढणें सोपेंच असणार. ही समजूत चुकीची आहे. तुकडा ठेवतांना त्वचा व स्नायु ताणले गेलेले असतात. आधार गेला कीं ते सैल पडतात. हनुवटीच्या टोंकावर एक छोटा स्नायु असतो. तो खालचा ओठ वर उचलून धरतो. काढतेवेळीं हा स्नायु पुनः हाडाशीं नीट शिवला नाहीं तर हनुवटी लोंबते, खालचे दांत उघडे दिसूं लागतात, आणि क्वचित् ओठ पुरता मिटतही नाहीं. शिवाय दोन्ही बाजूंस दाढांच्या सुमारास हाडांतील छिद्रांतून एकेक संवेदनावाहक नस बाहेर येते. पूर्वींच्या जखमेच्या वणामुळें ती ओळखणें कठीण होतें, आणि तिला इजा झाल्यास ओठ व हनुवटी महिनोन्महिने, प्रसंगीं कायमची, बधिर राहते. जेवतांना ओठाला लागलेला भाताचा कण कळूं नये, चहा किती गरम आहे तें समजूं नये, हें दुःख दिसण्यांतल्या उणिवेपेक्षां खचित मोठें आहे.

ह्यामुळें जाणता शस्त्रवैद्य नुसतें काढण्याचें बोलत नाहीं. काढल्यानंतरच्या पोकळीचें काय करावयाचें तें सांगतो. एक मार्ग म्हणजे केवळ काढून स्नायु शिवणें. दुसरा, लहान आकाराचें इम्प्लांट बसविणें. मात्र संसर्ग झालेला असल्यास तो पुरता बरा होईपर्यंत कांहीं महिने थांबणें इष्ट. तिसरा मार्ग हनुवटीचेंच हाड आडवें कापून पुढें सरकविणें व पट्टी आणि स्क्रू ह्यांनीं स्थिर करणें. तोंडाच्या आंतून हें हाड कापण्याची रीत युरोपांतील ट्राउनर व ओब्वेगेझर ह्या शस्त्रवैद्यांनीं १९५७ सालीं प्रसिद्ध केली, आणि आज ती सर्वत्र रूढ आहे. ज्याला ह्या तिन्ही मार्गांचें ज्ञान आहे तोच त्यांतून एक निवडण्याचा सल्ला निःपक्षपातीपणें देऊं शकतो. ज्याच्या पेटींत एकच हत्यार असतें त्याला प्रत्येक रुग्ण त्या हत्याराचाच वाटतो.

चेहऱ्याची शस्त्रक्रिया म्हणजे निव्वळ चैन, असें म्हणून नाक मुरडणाऱ्यांस आम्ही आपल्याच प्रांतांतील एक गोष्ट सांगूं. टिपू सुलतानाशीं झालेल्या १७९२ च्या युद्धांत इंग्रजांच्या सैन्यांतील कावसजी नांवाच्या गाडीवानाचें नाक कापण्यांत आलें. पुढें पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातींतील एका मनुष्यानें कपाळावरील त्वचा उतरवून त्याला नवें नाक करून दिलें. हा वृत्तान्त १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या एका मासिकांत छापला गेला, आणि त्यावरून स्फूर्ति घेऊन कार्प्यू नांवाच्या इंग्रज शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं लंडनमध्यें तीच क्रिया केली. आपल्या काळांत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. नोशीर अंटिया ह्यांनीं कुष्ठरोगानें विद्रूप झालेल्यांचे चेहरे व हात सुधारण्याचें काम केलें. चेहरा परत मिळाला म्हणजे मनुष्य समाजांत परत येतो, हें ज्यांनीं पाहिलें त्यांनीं ह्या विद्येला चैन म्हटलेलें नाहीं. तेव्हां घरांतील मुलानें किंवा सुनेनें पूर्वीं घेतलेल्या निर्णयाबद्दल टोमणे मारण्याची ही वेळ नव्हे.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. प्रथम पदवी पाहावी. प्लास्टिक सर्जरींतील एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी, अथवा मुख व जबड्याच्या शस्त्रक्रियेंतील एम.डी.एस. ही पदवी, असा मनुष्य ह्या कामास योग्य. ‘कॉस्मेटिक सर्जन’ हे शब्द पाटीवर कोणीही रंगवून घेऊं शकतो. त्यांवरून शिक्षणाचा बोध होत नाहीं. चार आठवड्यांचें प्रमाणपत्र चौकटींत लावलेलें असलें तरी तें चौकटींतच शोभतें. डॉक्टराचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे व दंतवैद्यांचा राज्य दंत परिषदेकडे पडताळतां येतो. २००२ च्या व्यवसायनीतीच्या नियमांप्रमाणें डॉक्टरानें हा क्रमांक औषधाच्या चिठ्ठीवर व पावतीवर लिहिणें आवश्यक आहे. त्याच नियमांनीं रुग्ण ओढण्यासाठीं जाहिरात करणें निषिद्ध ठरविलें आहे. सवलतीचे आंकडे व आधीं-नंतरचीं झगमगीत छायाचित्रें पाहून भुलणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

दुसरी गोष्ट, जुने कागद. पहिली शस्त्रक्रिया कोणीं व कोठें केली, तुकडा कोणत्या कंपनीचा, कोणत्या द्रव्याचा व केवढा होता, स्क्रूनें बसविला होता काय, हें त्या कागदांत असतें. वरील नियमांनींच रुग्णाचे कागद तीन वर्षें जपून ठेवण्याचें व मागणी केल्यास ७२ तासांत देण्याचें बंधन डॉक्टरावर आहे. मागणी लेखी करावी व तिची पोंच घ्यावी. पहिल्याच शस्त्रवैद्याकडे परत जावें कीं नाहीं, ह्याचें एकच उत्तर नाहीं. त्यानें झालेलें मोकळेपणीं सांगितलें आणि काढण्याचा त्याला अनुभव असेल, तर आंतली माहिती त्याच्याइतकी कोणास असणार? परंतु त्यानें तक्रार हंसण्यावारी नेली असेल, तर दुसऱ्याचा सल्ला घेण्यांत कृतघ्नता नाहीं.

तिसरी गोष्ट, प्रश्न. भेटीस जातांना ते कागदावर लिहून न्यावे. बसविण्याच्या नव्हे, काढण्याच्या किती शस्त्रक्रिया आपण केल्या? छेद हनुवटीखालीं घेणार कीं तोंडांतून? स्नायु कसा शिवणार? हाडाची झीज पाहण्यासाठीं सीटी करणार काय? भूल कोण देणार, आणि तो भूलतज्ज्ञ पदवीधर आहे काय? रात्रीं रक्तस्राव झाला तर फोन कोणाला करावयाचा? उत्तर देतांना जो चिडतो त्याला नमस्कार करून परत यावें. ‘कांहीं होणार नाहीं, अर्ध्या तासाचें काम’ असें जो म्हणतो त्याच्याबद्दल शंका धरावी. आणि ‘तुमचें इम्प्लांट त्रास देत नाहीं, तें काढूं नका’ असें सांगून जो स्वतःची फी सोडतो, त्याचें म्हणणें निदान एकवार शांतपणें विचारांत घ्यावें.

पनवेलकरांस ह्या बाबतींत सोय आहे. १८७२ पासून धूतपापेश्वरांच्या औषधांसाठीं ओळखलें जाणारें हें गांव आज मोठ्या रुग्णालयांच्या मध्यावर आहे. कामोठें येथें महात्मा गांधी मिशनचें वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आणि दंत महाविद्यालय आहे. हार्बर मार्गाच्या गाडीनें मुंबई गांठली कीं जे. जे., के. ई. एम. व शीव येथील रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत, आणि शासकीय दंत महाविद्यालय आहे. शस्त्रक्रिया तेथेंच करावयाची नसली तरी दुसरें मत घेण्यास अशा जागा उत्तम. कारण तेथील अध्यापकाला आपल्याला गिऱ्हाईक करण्याची निकड नसते. अंतराचा विचारही करावा. टांके, सूज व बधिरपणा ह्यांसाठीं अनेक खेपा होतात. परगांवच्या स्वस्त शस्त्रक्रियेंत वांचलेले पैसे प्रवासांत जातात, आणि अडचणीच्या रात्रीं तो डॉक्टर दूर असतो. खर्चाचा आंकडा लेखी घ्यावा. विम्याची पॉलिसीही आधीं वाचावी, कारण सौंदर्यासाठीं केलेल्या शस्त्रक्रिया तींतून बहुधा वगळलेल्या असतात.

शेवटची गोष्ट एकत्र कुटुंबांस विशेष लागू आहे. दिल्लींतील एका प्रकरणांत केवळ तपासणीस संमती दिलेली एक प्रौढ स्त्री भुलेखालीं असतांना तिच्या आईची सही घेऊन मोठी शस्त्रक्रिया करण्यांत आली. सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं निर्णय दिला कीं, सज्ञान रुग्ण शुद्धीवर येऊन स्वतः निर्णय घेऊं शकत असतां आईची संमतीही पुरेशी नाहीं. आणि एका क्रियेची संमती म्हणजे दुसऱ्या क्रियेची संमती नव्हे, जीव वांचविण्याचा प्रसंग असेल तरच अपवाद. म्हणून ‘फक्त काढणें’ कीं ‘काढून हाड पुढें सरकविणें’, हें संमतिपत्रांत स्पष्ट लिहिलेलें असावें, आणि तें रुग्णानें घरीं आणून वाचावें.

मग वडीलधाऱ्यांनीं काय करावें? त्यांनीं बरोबर जावें. डॉक्टराच्या खोलींत घाबरलेला मनुष्य निम्मेंच ऐकतो. शेजारीं बसून टिपून घेणारा काका किंवा आत्या तेथें फार उपयोगी पडते. शस्त्रक्रियेनंतर कांहीं दिवस पातळ भात, वरण, खिमट लागेल, तें वेळेवर द्यावें. सूज उतरेपर्यंत ‘कशी दिसते’ हा प्रश्न घरांत कोणीं विचारूं नये, आणि पाहुण्यांनीं विचारला तर त्यांस दुसऱ्या गोष्टींत गुंतवावें. निर्णय ज्याचा चेहरा त्याचा. परंतु त्या निर्णयाच्या वेळीं त्याला एकटें वाटूं न देणें हें घराचें काम आहे.